तहपन्हेसचा डोळा

बर्लिन, २ फेब्रुवारी २०२६

प्रिय प्राची,

तीन वर्षांनी माझं अक्षर बघून तू पाकीट लगेच फोडणार नाहीस. आधी ओट्यावर ठेवशील, चहा करशील आणि यशपालला विचारशील, "दादा, या बाईंना आत्ताच कशी आठवण आली?" विचार. तुझ्या जागी मीही भावाला हेच विचारलं असतं.

फोन करणार होते. पण फोनवर तुझं "जयभीम ताई" ऐकलं की माझं ठरवलेलं वाक्य विस्कटतं, हे तुला आठवत असेल. म्हणून पत्र.

गेल्या गुरुवारी फ्राऊ ब्रेमरनी मला खोलीत बोलावलं. तहपन्हेसच्या संग्रहासाठी कायमची जागा निघाली आहे. अर्थात तुला ते माहीतच आहे, कारण गठ्ठ्यात तिसरा अर्ज तुझा होता. फोटो नवा दिसतो. केस कापलेस. "आल्झो," बाई म्हणाल्या, "तुम्ही दोघी चार वर्षं एका टेबलावर बसलात. या उमेदवाराबद्दल तुमचं मत मला लेखी हवं. सत्तावीस तारखेपर्यंत."

म्हणून सहज विचारते. तू परत का येते आहेस? नेकारसुल्ममध्ये गाड्यांच्या सुट्या भागांवर नंबर घालायचं काम तुला मिळालं, पगारही इथल्यापेक्षा बरा आहे, असं ऐकलं होतं. तिथे भाऊ आहे, घर आहे. आमच्या तळघरात काय आहे? चोवीस खणांचं कपाट, शंभरावर पेट्या, खापरं आणि धूळ. शिरीषला तर इतक्या वर्षांनंतरही तहपन्हेस म्हणजे काय ते पाहुण्यांना नीट सांगता येत नाही. "बायको इजिप्तची फुटकी मडकी सांभाळते," एवढंच म्हणतो. मग मला सांगावं लागतं, की अहो, इजिप्तच्या पूर्वेच्या सरहद्दीवरचं ठाण्याचं गाव होतं ते, हिब्रू शास्त्रात त्याचं नाव येतं, यरुशलेम पडल्यावर तिथली माणसं जीव वाचवून याच गावात आली. तेवढ्यात पाहुण्यांचं लक्ष पुन्हा भज्यांकडे गेलेलं असतं.

तुझा अर्ज चांगला आहे. शेवटच्या परिच्छेदात लिहिलं आहेस, "तिथे माझं एक काम अर्धवट राहिलं आहे." ते कोणतं, हे मला समजलं नाही. फ्राऊ ब्रेमरनी त्या वाक्याखाली पेन्सिलीनं रेघ मारली आहे. त्यांनाही समजलं नसावं, किंवा त्यांनी काही वेगळंच समजून घेतलं असावं.

चौदा नंबरचा खण तुला आठवतो का? सहज विचारलं.

स्पृहा आता चौदा वर्षांची झाली. मी मराठीत विचारते, ती जर्मनमध्ये उत्तर देते. काल मात्र कुणाला पत्र लिहितेस असं विचारलं आणि तुझं नाव ऐकल्यावर "प्राचीमावशी?" एवढं मराठीत म्हणाली.

तुझी,
अरुताई

बर्लिन, ११ फेब्रुवारी

प्रिय प्राची,

तुझं उत्तर चौथ्या दिवशीच हातात पडलं. म्हणजे तू त्याच दिवशी लिहून पेटीत टाकलंस. इतकी घाई का, असं आधी मनात आलं. मग वाटलं, उशीर केला असतास तर उशीर का, असं मनात आलं असतं. तेव्हा ते सोडून देते.

पत्र मी तीन वेळा वाचलं. तुझ्या आईचा, अंजनाबाईंचा, गुडघा बरा आहे, त्या आता जिना चढतात, हे वाचून बरं वाटलं. यशपालनं बाल्कनीत मेथी लावली आहे हेही कळलं. पण मधेच, कशाला काही धरून नसताना, तू लिहिलंस: "आणि आपला डोळा कसा आहे?"

तू हे कसं विचारू शकतेस, तेच मी या चार दिवसांत शोधते आहे.

तुला माहीत नसेल असं धरून सांगते. डोळा नाही. म्हणजे खण चौदा, ओळ दोन, घड्याच्या खांद्याचं तळहाताएवढं खापर, त्यावर काळ्या रंगात रेखलेला उघडा डोळा, ते तिथे नाही. नोव्हेंबर २०२२ मधल्या त्या सोमवारी बाहेरून तज्ज्ञांची समिती आली होती. फ्राऊ ब्रेमरनी अभिमानानं खण ओढला, आणि कापसाच्या गादीवर फक्त खळगा होता. त्याआधीच्या शुक्रवारी तळघरातून शेवटी बाहेर पडलेली तू. वहीत वेळ आहे, पावणेसहा, आणि तुझी सही. दुसऱ्या दिवशी तू नागपूरच्या विमानात होतीस.

तुला यातलं कुणीच काही सांगितलं नाही, कारण इथे असं तोंडावर सांगत नाहीत. पोलिसांतही गेले नाहीत. संग्रहाचं नाव खराब होईल म्हणून वहीत "स्थान अनिश्चित" असं लिहिलं आणि खण बंद केला. तुझा करार डिसेंबरअखेर संपत होता, तो वाढवायचं ठरलेलं होतं, तो वाढवला नाही. तुला कारण दिलं निधीचं. निधी होता, प्राची.

हे सगळं मला तेव्हापासून माहीत होतं. मी तुझ्याविरुद्ध काही बोलले नाही, एवढं तू लक्षात ठेव. चोरी हा शब्द माझ्या तोंडून कधी गेला नाही.

पण मी विचार केला, हे नाकारत नाही. ते खापर तुझं फार लाडकं होतं. तू त्याला सकाळी "काय मालक, झोप झाली का?" असं म्हणायचीस. समितीसमोर ते काचेखाली जाणार, आपल्याला हात लावता येणार नाही, म्हणून तू आदल्या आठवड्यात रुसली होतीस. लाडक्या वस्तूचा मोह कुणालाही होतो. आता कायमची जागा निघाली आणि तुझं अर्धवट काम तुला आठवलं. परत ठेवायला येते आहेस का? तसं असेल तर मला सांग. मी कुणाला सांगणार नाही. एखाद्या संध्याकाळी ते खणात परत जाईल आणि मी मत चांगलं लिहीन.

बघ, मी किती सरळ लिहिते आहे.

अरुताई

बर्लिन, १८ फेब्रुवारी

प्राची,

कार्ड मिळालं. वर नेकार नदीचं चित्र आणि मागे दोन ओळी. "अरुंधतीबाई, सत्तावन्न नंबरची पेटी उघडा. चिठ्ठी ठेवली होती."

ताईची बाई झाले, ते दिसलं.

कार्ड सोमवारी आलं आणि मी पेटी आज उघडली. मधले दोन दिवस मी काय करत होते ते सांगते, म्हणजे तुला माझी ओळख पटेल. तू इथे कुणाला हाताशी धरून खापर परत ठेवलं असशील का, याचा मी तपास करत होते. सोमवारी किल्ल्यांची वही बघितली. मंगळवारी सफाईवाल्या बाईंना आडून विचारलं. सत्तावन्न नंबरच्या पेटीला मे २०२१ चं शिशाचं सील होतं आणि त्यावर नोव्हेंबर २०२२ चं दुसरं, तुझ्या हातचं. त्यानंतर ती कुणी उघडलेली नाही. कोण उघडणार? बिनरंगी, मातीनं माखलेली सहाशे खापरं आहेत तिच्यात.

आज दुपारी उघडली. वरच्या थरात टिश्यूची पुरचुंडी होती, पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेली, तुझी ती दुहेरी गाठ. आत डोळा होता. आणि त्याला टेकवून ठेवलेलं दुसरं खापर, अर्ध्यावर माती पुसलेलं. त्यावर एक भुवई आणि दुसऱ्या डोळ्याची सुरुवात.

मी दोन्ही कडा जवळ आणल्या. कुठे फट राहिली नाही. अडीच हजार वर्षांनी ती भुवई आपल्या डोळ्यावर आली. जोड सापडली की तू म्हणायचीस, "घ्या, पोचली माहेरी." मी तळघरात एकटीच होते. तेच मोठ्यानं म्हणून बघितलं. बरं वाटलं नाही.

नियम मला पाठ आहे. ज्या खापराची जोड सापडते त्याला जोडीच्या पेटीत न्यायचं आणि जुन्या जागी पिवळा फॉर्म ठेवायचा, म्हणजे मागून येणाऱ्याला वाट कळते. तू नेलंस, हे दिसतं. पण खण चौदामध्ये फॉर्म नव्हता. चिठ्ठी नव्हती. शपथेवर सांगते. त्या सोमवारी समितीच्या आधी खण मी स्वतः नीट केले होते.

अरुंधती

बर्लिन, २२ फेब्रुवारी

प्राची,

मागच्या पत्रातलं माझं शेवटचं वाक्य तुला आठवत असेल. खण मी स्वतः नीट केले होते. ते वाक्य पाकिटात घातलं, तिकीट लावलं, टाकून आले. मग चार दिवस त्याच वाक्याच्या मागे फिरले.

आपल्या दोघींची एक खोड होती. आपण एकमेकींना खणांत मराठी चिठ्ठ्या ठेवायचो. "ब्रेमरबाई आज तापल्यात, जपून." "डबा फ्रीजमध्ये, वरच्या फळीवर, ठेचा तिखट आहे, रडू नका." अख्ख्या इमारतीत दुसरं कुणी वाचू शकत नाही याची मजा होती. त्या सोमवारी सकाळी मी साडेसातला आले आणि समितीच्या नजरेला पडू नयेत म्हणून सगळ्या खणांतल्या आपल्या चिठ्ठ्या भराभर गोळा केल्या. वाचल्या नाहीत. बिस्किटांच्या निळ्या डब्यात कोंबल्या. करार संपल्यावर तुझं टेबल रिकामं केलं तेव्हा तो डबा मी घरी आणला. स्पृहाच्या जुन्या रंगपेट्यांमागे तो तीन वर्षं आहे.

आज सकाळी काढला. एकेचाळीस चिठ्ठ्या निघाल्या. चहाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावरची ही:

"ताई, डोळ्याचं माहेर सापडलं! पेटी ५७. नेऊन ठेवला. पिवळे फॉर्म संपलेत, सोमवारी तुम्ही जर्मनमध्ये भरून इथे ठेवा ना. आईचं ऑपरेशन रविवारी. घाई झाली. ब्रेमरबाईंना मीच येऊन सांगणार, तोवर तोंड बंद ठेवा. प्राची. १८/११/२२."

मी तोंड बंद ठेवलं नाही. आता ते सांगते.

समिती गेल्यावर फ्राऊ ब्रेमरनी मला विचारलं, ती शुक्रवारी इतक्या घाईनं का गेली? मला तुझ्या आईचं ऑपरेशन माहीत होतं. तू डबा खाताना सांगितलं होतंस, तुझे डोळे भरले होते, मी तुला पाणी दिलं होतं. मी म्हणाले, "मला नक्की माहीत नाही." का म्हणाले? त्या घटकेला मला वाटलं, आपण फार जवळच्या दिसायला नकोत. माझाही करार तेव्हा सहा महिन्यांचाच होता.

मग त्यांनी विचारलं, "तुम्ही दोघी एकाच प्रांतातल्या. तिच्या घरचे तुम्हाला माहीत असतील. तिच्याबद्दल खात्री देऊ शकाल?"

मी म्हणाले, "आम्ही एका वर्तुळातल्या नाही."

बाईंना यातलं काही कळण्यासारखं नव्हतं. त्यांनी पुण्याच्या आणि नागपूरच्या मधलं अंतर समजून घेतलं असेल. पण मला माहीत होतं मी कोणतं वर्तुळ म्हणत होते. माझ्या आईनं एकदा फोनवर विचारलं होतं, "ती तुझी मैत्रीण, चौदा एप्रिलला घरी बोलावते तीच ना? जपून हो." मी आईवर चिडले होते. फोन ठेवून स्पृहाला दहा मिनिटं समतेवर भाषण दिलं होतं. आणि वेळ आली तेव्हा आईचंच वाक्य बोलले, अधिक चांगल्या जर्मनमध्ये.

शुक्रवारी शेवटी तू गेलीस. पण गुरुवारी शेवटी मी गेले होते, बुधवारी तो संगणकवाला क्षितिज. त्याच्या बॅगेचा विचार माझ्या मनात कधी आला नाही. तो माझ्या मावसनणंदेचा भाचा निघाला होता ना.

अजून एक. तू नागपूरहून परतलीस, किल्ली परत करायला आलीस, तळघरात जायला तुला मनाई होती, ब्रेमरबाईंनी भेटायला वेळ दिला नव्हता. कँटीनच्या दारात भेटलीस. म्हणालीस, "ताई, चिठ्ठी मिळाली ना?" तुझ्यासोबत कुणी मला बघू नये एवढंच मला हवं होतं. मी म्हणाले, "हो हो, मिळाली." तुझा चेहरा मोकळा झाला. सगळं जागेवर आहे असं तू तीन वर्षं धरून चाललीस. म्हणून तर विचारलंस, डोळा कसा आहे. तुझे फोन मला का लागत नाहीत याचा मात्र तुला उलगडा झाला नसेल. तुझा नंबर मीच अडवला होता.

सगळ्यात वाईट अजून राहिलं आहे. अठरा तारखेला तुला पत्र टाकून आले आणि फ्राऊ ब्रेमरकडे गेले. म्हणाले, डोळा सापडला, पेटी सत्तावन्न, जोडीसकट. त्यांनी दोन्ही हात टाळी वाजवल्यासारखे जोडले. "वुंडरबार! ही जोड तुम्ही शोधलीत?" मी काही बोलले नाही. त्यांनी त्याचा अर्थ लावला. लेख माझ्या नावानं निघायचा आहे. चार दिवस मी अभिनंदन घेते आहे.

शिरीष म्हणतो, "वस्तू सापडली, विषय संपला. तिच्याबद्दल चार चांगले शब्द लिही, तिला नोकरी मिळेल, तुझी राहील. चिठ्ठी कुणाला दाखवायची गरज काय? कुणाला वाचता येणार आहे ती?"

तो दुष्ट नाही, प्राची. मी रोज स्वतःला जे सांगते तेच त्यानं मोठ्यानं सांगितलं.

तुला आठवतं, दुपारच्या चहाला मी तुला शास्त्रातली ती गोष्ट सांगितली होती? तहपन्हेसमध्ये राजवाड्याच्या दारापुढे विटांची फरसबंदी होती, आणि संदेष्ट्याला आज्ञा झाली, की मोठे धोंडे घे आणि सगळ्या लोकांदेखत त्या फरसबंदीच्या मातीत पुरून ठेव. तू तोंडातला घास थांबवून म्हणालीस, "काऊन ताई, सगळे पाहत होते, मग लपवलं काय त्यानं?" मी हसले होते. तूसुद्धा काही लपवलं नव्हतंस. खणात, जागच्या जागी, तारखेसकट ठेवलं होतंस. उचललं मी.

सत्तावीसला पाच दिवस आहेत. मी काय करीन ते मला आज माहीत नाही. माहीत आहे असं लिहिलं तर तू विश्वास ठेवू नकोस.

अरुंधती

बर्लिन, २ मार्च

प्राची,

तुझं उत्तर आलं नाही. ते बरोबर आहे.

सव्वीस तारखेला सकाळी मी पुठ्ठा फ्राऊ ब्रेमरच्या टेबलावर ठेवला. शेजारी त्याचा जर्मन अनुवाद. "तोंड बंद ठेवा" सकट, काही न गाळता. बाईंनी आधी तारीख वाचली. मग पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा. "हा कागद तुमच्याकडे कधीपासून आहे?"

"तीन वर्षं तीन महिने. वाचला गेल्या रविवारी."

"आणि जोड?"

"तिनं शोधली. मी फक्त पेटी उघडली. तीही तिनं सांगितल्यावर."

त्यांनी चष्मा काढला. "तेव्हा मी तुम्हाला खात्री देता का, असं विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, एका वर्तुळातल्या नाही. मला वाटलं, तुम्हाला काही माहीत आहे आणि तुम्ही सभ्यपणे सांगत नाही आहात."

मी त्यांना ते वर्तुळ समजावून सांगितलं. इतकी वर्षं जर्मन बोलते, पण एवढं अवघड काही त्या भाषेत बोलले नव्हते. समजावताना मधेमधे मला स्वतःची बाजू बरी दिसेल असे शब्द सुचत होते. जे मला कळले ते मी मागे घेतले. सगळेच कळले असतील असं नाही.

निवडीसाठी मत देणाऱ्यांतून माझं नाव काढलं आहे. लेखातूनही. माझ्या फाइलमध्ये एक पत्र गेलं आहे आणि एप्रिलपासून मला ग्रंथालयात बसायचं आहे, तळघराची किल्ली परत करून. मी भांडले नाही. तुझ्या जुन्या फाइलमध्ये बाईंनी तेव्हा अर्ध्या पानाची नोंद लिहिली होती. ती खोटी असल्याची नवी नोंद त्यांनी तिथे जोडली, माझी सही घेऊन. मुलाखतीचं बोलावणं तुला या आठवड्यात येईल. बारा मार्च, दहा वाजता. समितीत बाहेरचे दोघे आहेत. माझं मत आता कुणाला नको आहे आणि ते तुझ्या भल्याचं आहे.

तू येशील की नाही, हे मी विचारत नाही. तहपन्हेसच्या वेशीवर ठाणं होतं. आत येणाऱ्या प्रत्येकाला हटकायचे, कुठून आलास, तुझी ओळख कोण देतो. मी इतकी वर्षं त्या गावाची खापरं पुसली आणि मला कायम वाटायचं, आपण दोघी आत येणाऱ्यांतल्या. मी ठाण्यावर कधी उभी राहिले ते मला कळलंच नाही. बारा तारखेला मी रजा घेतली आहे. दारात तुला मी दिसणार नाही.

पत्राच्या वर "जयभीम" लिहावं असं मनात आलं होतं. तू रोज म्हणायचीस आणि मी रोज "हो, नमस्कार" म्हणायचे. पण आज लिहिलं असतं तर त्यातही मला काहीतरी हवं आहे असा संशय तुला आला असता. मला तर आलाच.

कामाच्या दोन गोष्टी. तुझा पुठ्ठा आता संग्रहात दाखल झाला आहे, अनुवादासकट. त्याला नंबर आहे. झेरॉक्स सोबत पाठवते. आणि डोळा अजून सत्तावन्नमध्येच आहे, तुझ्या टिश्यूत, तुझ्या गाठीत. गाठ मी जशी होती तशी बांधली, पण नीट बघशील तर कुणीतरी सोडली होती हे तुला कळेल. डिंक लावायचं बाईंनी मला सांगितलं होतं. मी म्हटलं, जोड जिनं शोधली तिनंच चिकटवायची, हा तळघराचा नियम आहे.

खण चौदामध्ये, ओळ दोन, रिकाम्या खळग्यात पिवळा फॉर्म ठेवला आहे. जर्मनमध्ये, तू सांगितलं होतंस तसा. तारीख १८ नोव्हेंबर २०२२. नेणाऱ्याच्या रकान्यात तुझं नाव. खाली, भरायला उशीर कुणामुळे झाला यासाठी रकाना नव्हता, तेव्हा समासात माझं लिहिलं.

अरुंधती